टेकूला बांधलेली दोरी

बोटीच्या केबिनचं दार उघडलं मात्र, बाई दोन पावलं मागेच सरल्या. आतून आलेला वास ओल्या चपलांचा, नासलेल्या दुधाचा आणि वर्षभर न उघडलेल्या ट्रंकेचा असा तिन्हींचा मिळून होता. गळ्यातला रुमाल सोडून त्यांनी नाकाला बांधला, मनाचा हिय्या केला आणि वाकून आत पाय टाकला.

गाद्या आडव्याच पडलेल्या. त्यांवर हिरवे-काळे ठिपके, जणू कुणी शाईचं पेन झटकलंय. कपाटांची झाकणं घट्ट बंद. पडद्यांना बुरशी. आणि छोट्या फ्रीजचं दार लावलेलं, आत दुधाची अर्धी पिशवी. तिच्याकडे बाईंनी फार वेळ पाहिलं नाही.

“दादा,” त्या रुमालातून म्हणाल्या, “हे काय रे?”

नऊ वर्षांत भावाशी बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य, आणि तेही तो समोर नसताना.

तिथला समुद्र बाराही महिने कोमट. वादळाचे तीन महिने सोडले तर बोटींच्या सफरी चालूच असतात. पण दोन सफरींच्या मधे बोट पाण्यात ठेवून भागत नाही. कोमट पाण्यात महिन्याभरात तिच्या बुडाला शेवाळाचं नि शिंपल्यांचं जावळ उगवतं. म्हणून बोटी वर काढतात. चार चाकांची उंच क्रेन दोन रुंद पट्ट्यांच्या झोळीत बोट उचलते, खडीच्या आवारात आणते, लाकडी ठोकळ्यांवर टेकवते, आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी टेकू लावून तिला उभी करते. मग मालक घरी जातो आणि बोट उन्हात त्याची वाट बघत बसते.

“पाण्यात बोट बिघडत नाही, जमिनीवर बिघडते,” असं बाबा म्हणायचे, आणि दोन्ही पोरांना त्यांनी ते मारून मुटकून शिकवलं होतं. बोट वर आली की घरी पळायचं नाही. शिडी लावून परत चढायचं. गाद्या भिंतीला टेकवून उभ्या करायच्या. कपाटं उघडी टाकायची. फ्रीजच्या दारात लाकडाचा तुकडा अडकवायचा. तळातलं बूच काढून सुकाणूच्या चाकाला टांगायचं, म्हणजे पावसाचं पाणी आपोआप वाहून जाईल आणि पुढच्या खेपेला येणाऱ्याच्या नजरेला ते आधी पडेल. सगळ्यात शेवटी ताडपत्री. तिच्या दोऱ्यांना पाण्याने भरलेले प्लास्टिकचे कॅन लटकवायचे. कॅन लोंबते राहतात, वारा आला की झुलतात, ताडपत्री ताणून धरतात. दोरी टेकूला कधीही बांधायची नाही. काही झालं तरी नाही. वाऱ्याने ताडपत्री फुगली की ती दोरी टेकू ओढून काढते, आणि टेकू गेला की बोट गेली.

हे शेवटचं तर बाबा दोनदा सांगत.

बाबांच्या पश्चात बोट दोघांची झाली. सीझनचा पहिला भाग दादाचा, दुसरा बाईंचा. मधले सहा आठवडे बोट तिसऱ्या ओळीत उभी. एकमेकांची तोंडं बघायला नकोत म्हणून दोघांनी तारखा अशा काही बसवल्या होत्या की आगगाडीचं वेळापत्रक करणाऱ्याने शिकावं. पण बोट गप्प राहत नसे. तिच्यावरून बाई भावाची खुशाली वाचत. एका वर्षी बिछान्यावर मानेची वेगळी उशी आली. म्हणजे मान धरली. एका वर्षी नकाशाच्या खणात भिंग सापडलं. म्हणजे चष्म्याने भागेनासं झालं. दोन वर्षांपूर्वी डेकवर एक लाकडी पायरी आली, तेव्हा बाईंना स्वतःचेच गुडघे दुखल्यासारखे वाटले. बोट मात्र दर वर्षी अशी लखलखीत मिळायची की बोट कसली, दवाखान्यातलं ऑपरेशनचं टेबल.

आणि आज ही दशा.

बाई शिडीवरून उतरल्या आणि तडक मुकादमांच्या खोलीत गेल्या. खोली म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक टेबल, एक पंखा आणि भिंतीवर किल्ल्यांचा फळा. मुकादम त्या आवारात बत्तीस वर्षं होते. बाईंनी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं होतं, त्यामुळे गप्प बसलेल्या माणसाकडून खरं कसं काढायचं हे त्यांना ठाऊक होतं. त्या नुसत्या समोर उभ्या राहिल्या.

मुकादमांनी पंखा हलवून पाहिला, कागद सारखे केले, शेवटी म्हणाले, “बसा ना, बाई.”

“बसायला नाही आले. वर काय झालंय ते तुम्हांला माहितीये?”

“वास येतोय थोडा.”

“थोडा!”

“बाई, दादा या वेळी वर चढलेच नाहीत,” मुकादम म्हणाले. “सफरीहून आले. आम्ही बोट काढली, उभी केली, शिडी लावली. दोन पायऱ्या चढले आणि थांबले. खूप वेळ तसेच उभे. मी म्हटलं, माणूस पाठवू का वर? तर म्हणाले, काही गरज नाही, सगळं मी पाण्यातच आवरून ठेवलंय. आता त्यांना खोटं कसं पाडणार? ताडपत्री तेवढी आमच्या पोरांनी घातली.”

बाई आता बसल्या.

“आणि हे ठेवून गेलेत.” मुकादमांनी फळ्याकडे हात केला. बोटीच्या नंबराखाली आवारातल्या एकीऐवजी दोन किल्ल्या लटकत होत्या, दुसरी दादाची. “म्हणाले, पुढच्या वर्षीपासून पहिला भागही तिचाच. मी येत नाही. आज दुपारी येणार आहेत, स्वतःचं सामान न्यायला. पोरं वरून काढून देतील.”

“आज?”

“त्यांनी विचारलं होतं, तुम्ही कधी येणार. मी उद्या म्हणून सांगितलं. चुकून.”

“चुकून?”

“वय झालं, बाई. माझ्याकडून चुका होतात,” मुकादम म्हणाले, आणि पुन्हा कागद सारखे करायला लागले.

बाई उन्हात बाहेर आल्या आणि बोटींच्या ओळीतून चालत सुटल्या. पळून जावं असं एकदा मनात येऊन गेलं. दुपारच्या आत निघालं तर भेट टळेल. नऊ वर्षं टळलीच होती. पण आज टळली तर ती कायमचीच टळणार, कारण यानंतर दादा या फाटकातून आत येणार नव्हता. आणि त्याला सांगायची एक गोष्ट नऊ वर्षं त्यांच्या घशात अडकली होती. ती घेऊनच जगायचं, की आज एकदाची बाहेर काढायची?

गोष्ट अशी होती.

नऊ वर्षांपूर्वी, वादळाचे महिने तोंडावर आले असताना, बाईंनी सीझनची शेवटची सफर संपवून बोट वर काढली होती. सगळं बाबांच्या शिस्तीने केलं. ताडपत्री घातली. आणि शेवटच्या बाजूला येतात तो कॅन संपले. एक कॅन कमी. फाटकात टॅक्सी भोंगा वाजवत होती, घरी पाहुणे यायचे होते. बाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि एक दोरी टेकूला बांधली. तात्पुरती. उद्या फोन करून मुकादमांना कॅन लावायला सांगू, असं ठरवलं, आणि साफ विसरल्या. दुसऱ्या दिवशी दादा बॅटरी काढून न्यायला आला. सवयीने त्याने बोटीभोवती एक फेरी मारली, दोऱ्या ओढून पाहिल्या आणि गेला.

पंधरा दिवसांनी वादळ आलं. बोट आडवी झाली, शेजारच्या बोटीवर आपटली आणि कुशीला हातभर चीर गेली.

बाबा तेव्हा शहाऐंशी वर्षांचे. काठी टेकत आले. पडलेला टेकू, त्याला बांधलेली दोरी, सगळं पाहिलं. चहाची वेळ होती, पत्र्याखाली आवारातली सगळी माणसं जमलेली. बाबांनी विचारलं, “शेवटचा हात कुणाचा लागला हिला?” दादा म्हणाला, “माझा.” त्याला तेवढंच माहीत होतं. मग बाबा त्याला बोलले. आवाज चढवून नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. म्हणाले, “साठी उलटली तुझी. तुला बोट चालवायला शिकवलं मी, राखायला शिकवायचं राहूनच गेलं म्हणायचं.” सगळी माणसं आपापल्या कपात बघत होती. दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, लहानपणी व्हायच्या तशा.

आणि बाई तिथेच उभ्या होत्या. हातात चहा. तोंड उघडलं होतं त्यांनी. पण बाबा कसेबसे काठीवर उभे होते, माणसं होती, आणि त्यांना वाटलं, गाडीत सांगू. गाडीत बाबा झोपले. घरी सांगू म्हटलं, तर घरी त्यांना ताप भरला. चार महिन्यांनी बाबा गेले. त्यानंतर दादाचा निरोप आला तो मुकादमांमार्फत, सीझनच्या वाटणीचा. बाईंनी ओळखलं की याला कळलंय. सगळं कळलंय आणि याने माझं तोंड बघायचं नाही असं ठरवलंय. बरोबरच आहे त्याचं. आता कुठल्या तोंडाने जायचं?

नऊ वर्षं अशी गेली.

पळून जायचं नसेल तर काहीतरी करत राहायला हवं. बाई पुन्हा वर चढल्या. बादलीत पाणी आणि व्हिनेगर घेतलं, बाह्या वर केल्या आणि आधी गाद्या बाहेर काढायला घेतल्या. एकेक गादी दारातून ओढायची, कठड्यावर चढवायची आणि खाली खडीवर सोडून द्यायची. तिसरी गादी सोडली आणि खालून आवाज आला.

“अरे, जिवंत माणसं चालतात खालून! कोण आहे वर?”

बाईंनी आवाज ओळखला. त्या कठड्याशी गेल्या. खाली दादा उभा होता. केस पार पांढरे, हातात काठी, काठीवर दोन्ही हात, अगदी बाबांसारखे. नऊ वर्षांत माणूस बापाच्या अंगात शिरला होता.

“मी आहे,” बाई म्हणाल्या.

दादाने डोळ्यांवर हात आडवा धरून वर पाहिलं.

“तू उद्या येणार होतीस.”

“मुकादमांकडून चुका होतात.”

“हं. पूर्वी नव्हत्या होत.” तो गादीकडे बघत राहिला. बुरशीचे डाग उन्हात अगदी स्पष्ट दिसत होते. “फार खराब झालं का गं?”

“पुढच्या केबिनमधे मशरूम उगवलेत. तोडून भाजी करता येईल.”

“फ्रीज?”

“फ्रीजचं बोलूच नकोस. दूध कुणी ठेवलं होतं?”

“दूध राहिलं होतं होय?”

“होतं. आता ते काय आहे, ते शास्त्रज्ञांना विचारावं लागेल.”

दादा हसला नाही, पण ओठांचा एक कोपरा हलला. मग म्हणाला, “बसून करण्यासारखं काही असेल तर टाक खाली. फक्त डोक्यात टाकू नकोस.”

तो एका उलट्या क्रेटवर बसला. बाईंनी दोरीला बांधून बादली नि ब्रश खाली सोडले. आणि दोघं कामाला लागली. एक वर, एक खाली. ही एक चांगली सोय असते. हात चालू असले की तोंडाला सवड मिळते, आणि माणूस दिसत नसला की बोलणं सोपं जातं. एका कपाटाच्या मागे गांधीलमाशीचं घर निघालं, त्यावर बोलून झालं. गुडघ्यांवर बोलून झालं. डॉक्टर म्हणतो बदला. दादा म्हणतो, गाडीचे भाग बदलतात, माणसाचे नाही. बाई म्हणाल्या, मग बस क्रेटवर.

“किल्ली का ठेवलीस?” बाईंनी आतून विचारलं. पडदे काढता काढता, जसं काही सहजच.

ब्रशचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

“चढवत नाही आता.”

“पाण्यात असताना धक्क्यावरून चढता येतं. जमिनीवरचं आवरायला माणूस मिळतो. हे कारण नाही.”

“शाळा सुटली तरी तुझी मास्तरकी सुटली नाही.”

“कारण सांग.”

शेजारच्या ओळीत कुणी तरी बोटीचं बूड घासत होतं. ते थांबलं तेव्हा दादाचा आवाज एकदम जवळ आल्यासारखा वाटला.

“एकदा पाडली मी ही बोट, बुटके. बाबांच्या डोळ्यांसमोर. तेव्हा ठरवलं, निदान आता तरी हिला नीट ठेवायचं. गादी कशी, बूच कुठे, कपाटाचं एकेक झाकण. दर वेळी वाटायचं, बाबा बघतायत. तेवढंच करता येत होतं. या वर्षी तेही नाही झालं. दोन पायऱ्यांवर उभा राहिलो आणि कळलं की संपलं. मग कशाला ठेवायची किल्ली? ज्याला राखता येत नाही त्याने...”

बाईंच्या हातातला पडदा खाली पडला. बुटके. हे नाव ऐकूनही नऊ वर्षं झाली होती. पण त्यांना हलवलं ते त्या नावाने नव्हे.

“तू पाडलीस?” त्या म्हणाल्या.

“मग कोणी?”

“दादा, तू बांधली होतीस दोरी? टेकूला?”

“आठवत नाही मला, हेच तर आहे ना. मी फेरी मारली एवढं आठवतं. दोऱ्या ओढल्या. एखादी सैल असेल, लक्षात न येता बांधली असेन. हात आपोआप चालतात. बाबांनी पाहिलं, म्हणजे बांधलीच असणार. तुझी वहिनी भांडते अजून माझ्याशी. म्हणते, तुम्ही असं करणंच शक्य नाही. नऊ वर्षं तेच. बायको आहे, तिने तसं म्हणायलाच हवं.” तो थांबला. “तुला भेटायचंही टाळलं ते त्यामुळेच. बाबा त्यानंतर उठले नाहीत. तुझ्याकडे कुठल्या तोंडाने बघायचं होतं मी?”

बाई केबिनमधे उभ्या राहिल्या. छत खाली येतंय असं वाटलं. नऊ वर्षं त्या समजत होत्या की तो रागावलाय, की त्याला ठाऊक आहे. रागाची सवय होते माणसाला. कुणी आपल्यावर रागावलंय या भरवशावर वर्षं काढता येतात. पण हा तर रागावलाच नव्हता. हा त्यांचं ओझं उचलून नऊ वर्षं कपाटांची झाकणं उघडत बसला होता.

त्या शिडीवरून उतरल्या. अकरा पायऱ्या होत्या. खाली आल्या तरी शिडीला धरूनच उभ्या राहिल्या.

“दादा, ती दोरी मी बांधली होती.”

दादाने मान वर केली नाही.

“एक कॅन कमी पडला. टॅक्सी उभी होती. म्हटलं, उद्या फोन करते. नाही केला. तू दुसऱ्या दिवशी आलास तेव्हा ती बांधलेलीच होती. तू ओढून पाहिलीस ती घट्ट लागली, कारण लोखंडाला बांधली होती. तुझा काही संबंध नाही. सगळं माझं आहे.”

दादाने ब्रश बादलीत ठेवला. हात पँटला पुसले, एकेक बोट वेगळं पुसावं तसे. मग म्हणाला, “तुझ्या हातात चहा होता.”

“हो.”

“मी तुझ्याकडे बघत होतो तेव्हा. बाबा बोलत होते आणि मी तुझ्याकडे बघत होतो. म्हटलं, ही तरी म्हणेल, की बाबा, दादा असं करणार नाही. एवढंच. कोणी बांधली ते नाही. एवढंच म्हणशील असं वाटलं होतं.”

शाळेत मुलांना बाई म्हणायच्या, चुकलं की लगेच सांगावं, वेळ गेला की चूक मोठी होते. किती सहज म्हणायच्या.

दादा उठला. काठी घेतली आणि बोटींच्या ओळीतून चालायला लागला. फाटकाच्या दिशेने. गेला, बाई मनात म्हणाल्या. जायलाच हवं. त्यांनी त्याला हाक मारली नाही. हाक मारायचा हक्क आज तरी नव्हता. त्या त्याच्याच क्रेटवर बसल्या आणि त्याने अर्धी सोडलेली गादी घासायला लागल्या. एकच डाग पुन्हा पुन्हा घासत राहिल्या, कापड विरायची वेळ आली तरी.

चहाची वेळ झाली म्हणजे मुकादम लोखंडी पाइपावर पाना आपटतात. तसा टणत्कार झाला. आवारातलं घासणं-ठोकणं एकेक करून थांबलं. आणि समोरच्या बोटीच्या मागून दादा आला. डोळे लाल होते. फाटकापर्यंत जाऊन परतला असावा, किंवा गेलाच नसावा.

“चल,” तो म्हणाला.

“कुठे?”

“चहाला.”

“मला नको चहा.”

“तुला चहा नाही पाजायचा मला. बाबा मला जिथे बोलले, तिथे उभी राहा आणि सांग. मला बोललेलं जसं सगळ्यांनी ऐकलं, तसं हे पण सगळ्यांनी ऐकू दे.”

“दादा, त्या वेळचं कोण आहे रे आता? सगळी माणसं नवी.”

“मुकादम आहेत. क्रेनवाला आहे.” त्याने काठी खडीत रोवली. “आणि मी आहे.”

पत्र्याखाली आठ-दहा माणसं होती. रंगारी, सुतार, इंजिनं दुरुस्त करणारी एक मुलगी, हातापायांना ग्रीस लागलेली, कानावर पेन्सिल. थर्मासमधून चहा ओतला जात होता. बाई मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. साठ-साठ पोरांच्या वर्गापुढे त्या उभ्या राहिल्या होत्या, शिक्षणाधिकाऱ्यापुढे उभ्या राहिल्या होत्या. जीभ अशी टाळ्याला कधी चिकटली नव्हती.

“मला काही सांगायचंय,” त्या म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही. मग त्यांनी वर्गातला आवाज काढला. “मला काही सांगायचंय.” सगळे कप जागच्या जागी थांबले.

“नऊ वर्षांपूर्वी वादळात आमची बोट पडली. टेकूला दोरी बांधलेली होती म्हणून पडली. आमचे वडील माझ्या भावाला इथे, सगळ्यांदेखत बोलले. तो बोलून घेत उभा राहिला. ती दोरी त्याने बांधली नव्हती. मी बांधली होती. आणि मी इथेच होते आणि गप्प बसले.” श्वास घेतला. “त्याचं काही चुकलेलं नव्हतं. एवढंच.”

बिस्किटाचा पुडा कुणाच्या तरी हातात कुरकुरला. नव्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. कोण, कुठली बोट, कोण वडील. मुकादमांनी टोपी काढली आणि परत घातली.

मग कोपऱ्यातून क्रेनवाला बोलला. जाडजूड, अबोल माणूस, वर्षातून दोन वाक्यं बोलणारा. “त्या दिवशी बोट मी उभी केली होती,” तो म्हणाला. “आजपर्यंत मला वाटत होतं, त्या बाजूचा टेकू मीच नीट आवळला नाही. तेव्हापासून प्रत्येक टेकू दोनदा आवळतो. बायको म्हणते, घरचं दारही दोनदा लावता तुम्ही.”

“अरे!” दादा म्हणाला. “मग सांगायचं नाही का?”

“तुम्ही म्हणालात माझा हात म्हणून. मी गप्प बसलो.”

इंजिनवाली मुलगी इकडून तिकडे बघत होती. “म्हणजे,” ती म्हणाली, “दोरी एक आणि गुन्हेगार तीन?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मुकादम हसले. मग दादा हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि त्याने तो बाहीत लपवला. बाई त्याच्या जवळ गेल्या नाहीत. फक्त एक कप चहा ओतून त्याच्या शेजारी बाकावर ठेवला, आणि लांब उभ्या राहिल्या.

तो चहा प्याला. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. मग म्हणाला, “मुकादम, माझी किल्ली द्या.”

“फळ्यावर आहे. घ्या की.”

“आणि तू,” तो बाईंकडे वळला, “तुला मी अजून माफ-बिफ केलेलं नाही. नीट ऐक. मला आधी राग यायचाय. नऊ वर्षांचा राग आहे, एका दुपारी नाही येत तो.”

“ये म्हणावं सावकाश,” बाई म्हणाल्या. “मी आहे.”

दादाने खिशातून फोन काढला. डोळ्यांपासून लांब धरून, बोटाने एकेक आकडा टोचत लावला. आवारात घासण्याचे आवाज पुन्हा सुरू झाले होते, त्यामुळे त्याला ओरडून बोलावं लागलं.

“अगं, ऐकतेस का? मी नव्हतो! ... दोरी, दोरी! टेकूची! मी नव्हती बांधली! ... हो, कळलं, तू सांगतच होतीस, कळलं... अगं रडतेस काय?... कोणी म्हणजे, बुटकीने. ... हो, इथेच आहे. समोर.”

मग तो नुसताच ऐकत राहिला. फोनमधून एक बारीक आवाज अखंड येत होता, शब्द कळत नव्हते पण चाल कळत होती. शेवटी त्याने फोन पुढे केला.

“तुला बोलावतेय.”

बाईंनी फोन असा धरला, जणू तो तापलेलाच असावा. “वहिनी?”

“वन्सं,” पलीकडून आवाज आला. भरलेला, पण ठाम. “मी फोनवर तुम्हांला एक अक्षर बोलणार नाही. घरी या. समोर बसवून बोलणार आहे. यांनी नऊ वर्षं झोपेत ती दोरी सोडलीय, मी उशाशी जागी असायचे. मनात साठलंय तेवढं सगळं बोलणार आहे. मधे बोलायचं नाही.”

“नाही बोलणार, वहिनी.”

“कधी येताय?”

“इथलं आवरलं की...”

“आवरायचं राहू द्या तिथलं. निघा.”

फोन बंद झाला. बाईंनी वर पाहिलं. दादा फाटकाकडे चालायला लागला होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही, थांब म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. पण त्या गुडघ्यांनी तो काही फार पुढे जाणार नव्हता.